त्या फॉर्मबद्दल

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
शि. सा. नमस्कार.

रविवारी व्हिडिओ कॉलवर मेघनाच्या तोंडून माझ्या दफनभूमीच्या अर्जाचं निघालं आणि आई कॅमेऱ्यासमोरून उठून गेली. नंतर बाबांचे प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर आले, फौजी पद्धतीने, एका ओळीत एक. फोनवर हे बोलायला बसलो तर आई पुन्हा उठून जाईल, म्हणून सविस्तर लिहितोय. बाबा, तिला वाचून दाखवा.

आई, आधी तुझं. मला काहीही झालेलं नाही. शुगर नाही, बीपी नाही. इथे अमेरिकेत माजी सैनिक धडधाकट असतानाच हा अर्ज करून ठेवतात. २०१६ च्या डिसेंबरपासून तशी सोय आहे. ४०-१०००७ नंबरचा फॉर्म भरायचा, डीडी-२१४ ची प्रत जोडायची, मग माणूस पात्र आहे की नाही ते सरकार लेखी कळवतं. डीडी-२१४ म्हणजे बाबांचं डिस्चार्ज बुक समज. जागा कोणाचीही राखून ठेवत नाहीत. ऐन वेळी घरच्यांना कागद हुडकत बसावं लागू नये, एवढाच त्याचा उपयोग.

बाबा, तुम्ही विचारलंत की इथल्या फौजेत चार वर्षं ट्रकची इंजिनं खोललेल्या पोराला जनरलच्या शेजारी जागा कशी देतात. तुम्ही टीव्हीवर बघता, जिथे राष्ट्राध्यक्ष पुष्पचक्र वाहतात, ते आर्लिंग्टन दफनभूमीचं ठिकाण. ते लष्कराच्या ताब्यात आहे आणि तिथले नियम कडक आहेत. जमिनीत जागा हवी तर ड्यूटीवर मरण आलेलं असावं, किंवा पूर्ण नोकरी करून पेन्शनीत गेलेला असावा, किंवा सिल्व्हर स्टार आणि त्यावरची शौर्यपदकं, लढाईत जखमी झालेल्याला मिळणारं पर्पल हार्ट, यातलं काही छातीवर असावं. युद्धकैदी राहिलेल्यांनाही मिळते. माझ्यासारख्याला फार तर भिंतीतल्या कोनाड्यात अस्थी ठेवता येतात. त्याला एक दिवसाची खरी ड्यूटी पुरते, पण डिस्चार्ज सन्मानाने झालेला हवा. तिथली जागाही आता संपत आलीय. आर्लिंग्टन अजून दीडशे वर्षं चालू राहील असे नियम करा, असं इथल्या संसदेने २०१८ मध्ये लष्कराला सांगितलं आणि निकष आणखी आवळायचा प्रस्ताव आला. म्हणून मी त्याच्या भरवशावर नाही.

त्या जागेची गोष्ट मात्र तुम्हाला आवडेल, कारण मुळात तो जमिनीचा वाद आहे. यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला सेनापती रॉबर्ट ली, त्याच्या बायकोची वडिलोपार्जित इस्टेट ती. उत्तरेच्या फौजेने ती ताब्यात घेतली, १८६४ च्या मे महिन्यात तिथे पहिला शिपाई पुरला आणि ली कुटुंबाने परत कधी पाऊल टाकू नये म्हणून थेट बाईंच्या फुलबागेच्या कडेने अधिकाऱ्यांची थडगी घातली. लीचा मुलगा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १८८२ मध्ये जिंकला! थडगी काय उचलणार? सरकारने दीड लाख डॉलर मोजून जमीन रीतसर विकत घेतली. आपल्याकडे बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाणाऱ्यांना हे सांगा.

माझा अर्ज आहे तो माजी सैनिक खात्याच्या दफनभूमींसाठी. देशभर अशा दीडशेच्या वर आहेत. आमच्या घराजवळची क्वांटिको, १९८३ पासूनची. तिथे युद्ध पाहिलेलं असायची अट नाही. शिपाई म्हणून १९८० च्या सप्टेंबरनंतर भरती झालेल्याने सलग २४ महिने किंवा बोलावलं होतं तेवढा पूर्ण काळ सेवा केलेली असावी आणि बेअब्रू होऊन हाकललेला नसावा, बस्स. ग्रीन कार्डावर भरती झालेलाही चालतो. खड्डा, दगड, झेंडा आणि पुढची कायमची देखभाल, सगळं सरकारी खर्चाने.

मागे आमच्या युनिटच्या जुन्या सार्जंटच्या वेळी मी क्वांटिकोला गेलो होतो. खड्ड्यापाशी विधी करत नाहीत. छप्पर असलेला एक उघडा मंडप असतो, तिथे ठरलेल्या वेळेला जायचं. दोन तरुण जवान आले, बिगुल वाजला, मग त्यांनी झेंड्याची त्रिकोणी घडी घातली. लाल पट्टा बाहेर दिसू लागला की बोटाने आत सारायचे. शेवटी वर फक्त निळं आणि तारे. सगळं पंधरा-वीस मिनिटांत आटोपलं, कारण मागे दुसऱ्या घरची माणसं उभी होती. दगड उभा संगमरवरी, ४२ इंच लांब, १३ रुंद, ४ जाड, त्यातला बराचसा जमिनीत. हुद्दा कोरतात, पण कर्नलचा दगड शिपायापेक्षा इंचभरही मोठा नाही. जागा निवडता येत नाही, रांगेत पुढची येईल ती. हे मला पटतं. अर्थात आर्लिंग्टनमध्ये १९४८ पर्यंत काळ्या सैनिकांना वेगळं पुरत, हेही खरं.

सूनबाईचं विचारलंत. तिचा हक्क आहेच, ती माझ्या आधी गेली तरी. त्याच दगडाच्या मागच्या बाजूला नाव येतं. विधवेने दुसरं लग्न केलं तरी हक्क जात नाही, घटस्फोट झाला तर जातो. हे ऐकल्यापासून मेघना भांडणात त्याचा दाखला देते. मुलांना एकवीसपर्यंत, शिकत असली तर तेविसापर्यंत. अपंगत्वामुळे स्वतःच्या पायावर उभं राहू न शकणाऱ्या अविवाहित मुलाला मात्र बहुधा वयाची अट नाही. ते अपंगत्व त्या वयाआधीचं असलं की झालं.

आणि पदक असूनही दार बंद होतं. टिमथी मॅकव्हे आखाती युद्धात लढलेला, ब्राँझ स्टार मिळालेला. त्याने १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत बॉम्ब लावून १६८ माणसं मारली. तो सरकारी इतमामाने पुरला जाऊ नये म्हणून १९९७ मध्ये कायदाच केला.

आईबापांना जागा मिळते का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मी वाचलं. २०१० चा एक कायदा आहे, इराकमध्ये मारल्या गेलेल्या कोरी शे या तरुण सैनिकाच्या नावाचा. मुलाला लढाईत किंवा लढाईच्या सरावात मरण आलं, त्याला बायको-मुलं नाहीत आणि त्याच खड्ड्यात जागा आहे, तरच आईला किंवा वडिलांना त्याच्यासोबत ठेवतात. त्याच्या आईनेच ते मागितलं होतं. तुम्ही दोघं त्यात बसत नाही, आणि ते वाचून मला फार बरं वाटलं.

आई, दफनभूमी म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर पेटी येते. तसं नाही. अग्नीच देतील, तिथे ठेवायच्या त्या अस्थी. दगडावर ॐ कोरून मिळतो. पण 'म्हणजे हा आता परत यायचा नाही' असं तू बाबांना म्हणालीस ते मी ऐकलं, आणि त्यावर तुला गोड बोलून फसवणार नाही. मुलं इथली आहेत. ती वर्षातून एकदा जातील तर क्वांटिकोला जातील, संगम माहुलीला जाणार नाहीत. तुमच्या हयातीत मी दरवर्षी येणार, त्यात बदल नाही.

आता माझं एक काम. बाबा, पीपीओवर, म्हणजे तुमच्या पेन्शनच्या आदेशावर, आईचं नाव आणि जन्मतारीख आधारशी तंतोतंत जुळते का ते बघा. पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलवर लॉगिन करून मला दोन्हींचे फोटो पाठवा. आईचं माहेरचं नाव कुठे राहिलं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मी दिवाळीत आलो की आपण दोघं जाऊ. आईला यातलंही अभद्र वाटेल. तिला सांगा, हा नुसता पेन्शनचा कागद आहे.

तुमचा,
संदीप