तो हिरवा फ्यूज आजच काढा

आई-बाबा,

नमस्कार. बाबा, काल फोनवर तुम्ही सांगितलं की गाडीतल्या चार्जिंगच्या सॉकेटचा फ्यूज सारखा उडत होता म्हणून तालुक्याच्या मेकॅनिकनं मोठा टाकून दिला, आता टेन्शनच नाही. तेव्हा घरात पाहुणे होते म्हणून मी जास्त बोलले नाही, पण रात्रभर तेच डोक्यात होतं म्हणून आता सगळं नीट लिहून पाठवते. तो 30 अँपिअरचा हिरवा फ्यूज आजच काढा आणि तोवर त्या सॉकेटात मोबाइलचा चार्जरसुद्धा लावू नका.

मी इथं चाकणला गाड्यांच्या वायरिंगचंच काम करते त्यामुळे हे अंदाजानं सांगत नाहीये. त्या सॉकेटची वायर 15 अँपिअरच्या हिशोबानं दिलेली आहे म्हणून तिथं निळा 15 चा फ्यूज होता, आणि तो उडतो तो वायर वाचवायलाच. आता 30 चा बसवल्यावर 20-25 अँपिअर गेले तरी फ्यूज जागचा हलणार नाही, तापणार ती वायर, वरचं प्लास्टिक वितळणार, आणि ती वायर डॅशबोर्डच्या आत आहे म्हणजे धूर बाहेर दिसेपर्यंत कोणाला पत्ताही लागणार नाही. वावरातल्या डीपीवर लोक जाड तार टाकतात आणि मग मोटार जळते, तुम्हीच तर त्यांच्यावर ओरडता बाबा, हे अगदी तेच आहे.

आणि फ्यूज काऊन उडत होता ते कोणी पाहिलंच नाही. मला तर तुमच्या त्या हवा भरायच्या पंपावर शंका आहे. सॉकेटच्या झाकणावर 120 वॅट लिहिलं असेल, म्हणजे 12 व्होल्टवर 10 अँपिअर. पंपाच्या खोक्यावर किती वॅट लिहिलंय ते पाहा, जास्त असेल तर तो पंप त्या सॉकेटावर चालवायचाच नाही, पेट्रोल पंपावर हवा भरा नाहीतर थेट बॅटरीला चिमटे लावायचा पंप मी घेऊन देते. दुसरं म्हणजे आई तिथं सुटे पैसे ठेवते, एखादं नाणं सॉकेटात घसरलं तरी शॉर्ट होऊन फ्यूज उडतो, तेवढं एकदा टॉर्च मारून पाहा.

बदलायचं काही अवघड नाही. गाडी बंद, चावी काढलेली. स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ झाकण आहे ते ओढलं की फ्यूजबॉक्स, झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो कोणता फ्यूज कशाचा (आई, ती बारीक अक्षरं तुला बाबांपेक्षा चांगली वाचता येतात, तू वाच), तिथंच प्लास्टिकचा छोटा चिमटा असतो, त्यानं सरळ वर ओढायचा, वाकडा करायचा नाही. फ्यूज उडालेला असेल तर उजेडात धरला की आतली तार तुटलेली किंवा काळी पडलेली दिसते. नवीन त्याच आकड्याचा घ्यायचा, लाल 10, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30, आणि पूर्ण आत बसेपर्यंत दाबायचा. रस्त्यात अडलात आणि स्पेअर नसेल तर दुसऱ्या कमी गरजेच्या जागेवरचा त्याच आकड्याचा काढून लावता येतो, पण हेडलाइटचा आणि वायपरचा कधीच काढायचा नाही. सिगारेटच्या पाकिटातली चांदी, तारेचा तुकडा, असलं काहीही कोणी लावू देऊ नका. आणि नवीन टाकल्याबरोबर परत उडाला तर थांबा, तिथं शॉर्ट आहे, दुसरा टाकून उपयोग नाही.

शॉर्टचं अजून एक कारण म्हणजे उंदीर. गाडी कापसाच्या खोलीला लागून उभी राहते, थंडीत उंदीर गरम इंजिनवर येऊन बसतात आणि वायर कुरतडतात. आठवड्यातून एकदा बोनेट उघडून पाहा, सरकी, लेंड्या, पऱ्हाटीचा कचरा दिसला तर समजा ते येऊन गेले. जमलं तर गाडी पलीकडे निंबाखाली लावा.

बोनेट उघडलंच आहे तर ऑइल पाहून घ्या. गाडी सपाट जागेवर, बंद करून पाच-दहा मिनिटं झाल्यावर पट्टी काढायची, पुसायची, परत घालून काढायची, दोन खुणांच्या मधे पाहिजे. कूलंट बाहेरच्या पांढऱ्या डबीत पाहायचं, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण कोणत्याच परिस्थितीत उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. त्यात बोअरचं पाणी टाकू नका हो बाबा, आपल्याकडच्या पाण्यात लय क्षार आहेत, आत थर बसतो. आपल्या उन्हाळ्यात 45 डिग्रीला तो रेडिएटरच तुम्हाला सांभाळतो. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर ती मेकॅनिककडून साफ करून घ्या.

टायरची हवा सकाळी गाडी निघायच्या आधी मोजायची, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे तेवढीच. दुपारी रस्ता तापल्यावर आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडायची नाही. स्टेपनीत पण पाहा. तुम्ही डोळ्याच्या तपासणीला सेवाग्रामला जाणार आहात, आणि समृद्धीवरून जायचं ठरलं तर सिमेंटच्या रस्त्यावर जुने टायर फार तापतात, जाण्याआधी टायरच्या बाजूला फुगवटा किंवा चीर तर नाही ना ते हात फिरवून पाहा, दिसली तर त्या टायरवर जाऊ नका, दुसऱ्याची गाडी सांगा, पैसे मी पाठवते.

फ्यूजचं एक पाकीट कुरिअरनं टाकलंय, त्यात सगळे आकडे आहेत, पण त्याची वाट पाहू नका, 15 चा निळा कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मिळतो. बसवल्यावर आई, तू फ्यूजबॉक्सचा फोटो काढून मला पाठव, मी रंग पाहून लगेच सांगते.

तुमची,
ताई