हॉटेल बंद होण्याआधी भटारखान्याची नोंद करा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : मुंबईतील जुन्या खानावळी, उपाहारगृहे व इराणी हॉटेलांच्या कामकाजाची शासकीय नोंद करण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार.

खोताच्या वाडीतली अनंताश्रम ही खानावळ बंद झाली. धोबीतलावचं बस्तानी हे इराणी हॉटेल गेलं, समोरचं कयानी तेवढं राहिलं. काळा घोड्याचं वेसाइड इन गेलं, मलबार हिलवरचं नाझ गेलं. जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार १९६४ पासून चालत होतं, तेही मार्च २०१५ मध्ये बंद झालं. यातलं एखादं नाव निघालं की मुंबईकर हळवा होतो, जुने फोटो फिरतात, लेख येतात. तिथल्या माशाची चव आता कुठे मिळत नाही, असं त्यात हमखास असतं. ती चव कशानं यायची, हे मात्र कुठेच लिहिलेलं सापडत नाही, आणि ते सांगू शकणारा आचारी तोवर गावी परतलेला असतो. आमची मागणी त्या आचाऱ्याच्या कामाची नोंद व्हावी, एवढीच आहे. ती का हवी आणि कशी करता येईल, ते सविस्तर मांडतो.

गिरगाव-दादरच्या मालवणी आणि गोमंतकी खानावळीतलं एक ताट घेऊ. त्यातला तळलेला बोंबील सोपा दिसतो, पण घरी तो पुष्कळदा बिघडतो. ओल्या बोंबलात पाणी फार. डोकं आणि पर काढून तो पोटाकडून उभा चिरायचा, उघडून मधला काटा काढायचा, मीठ लावायचं आणि दोन फडक्यांच्या मध्ये ओळीनं मांडायचा. वर पाट, पाटावर वरवंटा किंवा पाण्यानं भरलेलं पातेलं. अर्धा ते पाऊण तास असा दाबला की पाणी निथळतं. मग हळद, तिखट, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) लावून रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवायचा आणि लगेच तव्यावर सोडायचा. घोळवून ठेवून दिला तर रवा उरलेलं पाणी पितो, थर सुटतो आणि तेलात गाळ साचतो. न दाबलेला बोंबील तव्यावर विरघळतो, उलटताना हाती काही येत नाही. म्हणून खानावळीत मासे आले की बाकी सगळं सोडून आधी बोंबील दाबायला घालत. दुपारच्या गर्दीत गिऱ्हाइकाला तो पाच मिनिटांत कुरकुरीत मिळायचा, त्यामागे सकाळचं हे काम असायचं.

शेजारच्या वाटीत बांगड्याचं तिरफळ (कोकणातला एक तिखट, सुवासिक मसाला) घातलेलं कालवण. तिरफळाच्या आतली काळी बी टाकून द्यायची, सालं ठेचायची आणि कालवण उतरायच्या पाच-सात मिनिटं आधी घालायची. वाटणात घालून बारीक वाटली की कडवटपणा येतो, आणि तो नंतर गुळानंही जात नाही.

सोलकढीचंही तसंच. एका मध्यम नारळाच्या दुधाला बारा-पंधरा आमसुलं, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करलेली. लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर. आमसुलाऐवजी आगळ वापरलं तर मीठ चाखल्याशिवाय घालायचं नाही, कारण आगळ मुळातच खारट असतं. नारळाचं दूध आणि आमसुलाचं पाणी, दोन्ही गार झाल्यावरच एकत्र करायची; एक जरी गरम असलं तरी कढी फाटते. भांडं स्टीलचं किंवा काचेचं हवं. आंबट पदार्थ पितळ्यात किंवा अॅल्युमिनियममध्ये ठेवला की चव बिघडते. केलेली कढी दोन-तीन तासांत थर सोडू लागते. त्यामुळे चांगल्या खानावळीत ती सकाळी एकदाच ढीगभर करत नसत, पंगतीच्या अंदाजानं दोनदा-तीनदा करत.

आता यातलं पुस्तकात काय सापडतं? चार माणसांचं प्रमाण. खानावळीचं काम दोनशे ताटांचं. चार माणसांच्या कालवणाचं सगळं साहित्य पन्नासपट केलं तर कालवण पाणचट होतं. मोठ्या टोपात माल जास्त आणि त्या मानानं उघडा पृष्ठभाग कमी, त्यामुळे वाफ कमी उडते आणि पाणी आटत नाही. मोठा टोप तापायला वेळ घेतो आणि गॅस बंद केल्यावरही आतल्या आत शिजत राहतो, म्हणून मासे थोडे कच्चे असतानाच उतरवावे लागतात. तिखट जास्त वेळ शिजतं म्हणून तेही पटीत वाढवायचं नाही. फोडणीला तेल पन्नासपट लागत नाही. मीठ शेवटी, दोन टप्प्यांत. हे आकडे आचाऱ्याच्या हातात असतात, वहीत नसतात. आमच्या मते नोंदीतला सर्वांत मोलाचा भाग हाच, आणि आज तो कोणत्याही सरकारी कागदावर नाही.

खानावळीचा फळाही ऋतूप्रमाणे बदलायचा. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावरचा ताजा माल आटला की फळ्यावर सुकट, जवळा आणि सुक्या बोंबलाचं कालवण यायचं, बोंबलाच्या जोडीला बटाटा किंवा वांगं. सुके बोंबील आधी कोरडे भाजून, तुकडे करून, गरम पाण्यातून काढायचे. न भाजता घातले तर उग्र वास अख्ख्या टोपाला लागतो. नारळी पौर्णिमेनंतर फळा पुन्हा भरायचा. नोंद करायची तर ती दोन्ही ऋतूंतली हवी.

गिरणगावातल्या खानावळी वेगळ्या. तिथे फळा नव्हता, पाटीही नव्हती. चाळीच्या खोलीत एक बाई स्टोव्हवर पंधरा-वीस कामगारांचं जेवण रांधायची. पाळ्या बदलायच्या तशा जेवणाच्या वेळा बदलायच्या. पैसे महिन्याच्या पगाराला. गावी गेलेल्या दिवसांचा खाडा धरायचा, पण आधी सांगितलं असेल तरच. न सांगता गेला तर भाकरी रांधून झालेली असायची, तेव्हा पैसे द्यावे लागत. महिनाभर गाडा चालवायला किराणा उधारीवर घ्यावा लागे, आणि त्या उधारीचं व्याज या बायकांच्या कष्टातून जाई. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खानावळवाल्यांना बँकेच्या कर्जाची वाट उघडली, ती याच कोंडीतून. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार गावी गेले, अंगावरची उधारी तशीच राहिली. या खानावळींच्या खाड्याच्या वह्या म्हणजे कामगारांच्या हजेरीचा, पगाराचा आणि भाकरीच्या भावाचा लेखाजोखा. मालकिणींच्या सुना-नातींकडे त्या अजून माळ्यावर असतील. असतील तोवरच त्या मिळवायला हव्यात.

उपाहारगृहांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांतली काही सुदैवानं चालू आहेत आणि नोंद आजही सहज होऊ शकते. शिवाजी पार्कच्या प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष अजून मिळतं, ठाकूरद्वारच्या विनयमध्ये मिसळ मिळते. साबुदाणा वड्याचं सगळं गणित भिजवण्यात आहे. धुतल्यावर दाण्याच्या जेमतेम वर येईल एवढंच पाणी ठेवून चार-पाच तास. पाणी जास्त झालं की वडा तेल पितो, कधी कढईत फुटतो. घाण्यात वडे कोंबले की तेल थंड पडतं आणि पुन्हा तेच होतं. पियूषला साधारण एक भाग श्रीखंडाला दीड ते दोन भाग ताजं ताक, वर जायफळ. ताक आंबट असेल तर साखर कितीही वाढवा, चव जुळत नाही. मिक्सरमध्ये फार फिरवलं तर लोणी सुटतं, म्हणून रवीच बरी.

इराणी हॉटेलांचा प्रश्न मात्र आज तातडीचा आहे, आणि तो त्यांचा पाव भाजणाऱ्या बेकरीच्या भट्टीचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावं, असा आदेश दिला. शहराची हवा पाहता तो योग्यच आहे, त्याविरुद्ध आमचं काही म्हणणं नाही. म्हणणं एवढंच की भट्टी विझवण्याआधी ती कशी चालते हे मोजून ठेवावं.

विटांच्या भट्टीत आधी लाकूड जाळतात, विटा आच शोषून घेतात, मग निखारे बाजूला ओढून ओल्या पोत्यानं लादी पुसतात. पहिल्या कडक आचेवर लादीपाव आणि ब्रुन, म्हणजे कडक कवचाचा पाव. आच उतरली की केक आणि नानखटाई, अगदी शेवटी टोस्ट वाळायला. एकदा तापवलेल्या भट्टीवर सगळा माल निघतो, आणि कोणता पदार्थ कितव्या तासाला आत जाईल यावर बेकरीचं वेळापत्रक बसलेलं असतं. ब्रुनचं कवच कडक होतं ते दोन गोष्टींनी : तापलेल्या लादीचा खालून लागणारा शेक, आणि सुरुवातीच्या काही मिनिटांत बंद भट्टीत कोंडलेली वाफ. वाफेनं वरचा थर मऊ राहून पाव फुगतो, नंतर कोरड्या आचेत तो थर कडकडीत होतो. साध्या विजेच्या ओव्हनमध्ये पातळ पत्र्याचा तळ असतो, दार उघडलं की आच पडते, आणि वाफेची सोय नसते. मग ब्रुन फिका आणि चिवट निघतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, पूर्वीसारखा नाही. जाड दगडी लादी आणि वाफ सोडण्याची सोय असलेला ओव्हन घेतला तर गॅसवर किंवा विजेवरही फार जवळ जाता येतं. पण कशाच्या जवळ जायचं, हे ठाऊक हवं. एका रात्रीत तासातासाला लादीचं आणि कमानीचं तापमान, प्रत्येक घाण्याचं वजन, आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ एवढं टिपलं तरी पुढच्या बेकरीवाल्याला पुरतं.

चहाबद्दलही लिहून ठेवावं. पानी कम चहाला दूध वेगळं आटवतात, अर्क वेगळा ठेवतात आणि कपात दोन्ही एकत्र येतात. सगळं एकाच पातेल्यात उकळलं की अर्क तुरट होतो, आणि दुपारपर्यंत ठेवलेला चहा पिण्यासारखा राहत नाही.

आता आपल्या खात्याकडे काय आहे ते पाहा. दर्शनिका (गॅझेटियर) विभाग आहे, जुनी कागदपत्रं जपणारं पुराभिलेख संचालनालय आहे, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे. नवीन महामंडळ नको, नवीन इमारतही नको. वारसा यादीत इमारती येतात, त्यांचे दर्शनी भाग जपले जातात, पण आतल्या चुलीला त्यात जागा नाही. युनेस्कोनं २०२० मध्ये सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली; अशी मान्यता मागायची म्हटली तरी आधी हातात नोंद लागते.

पहिली अडचण अशी की हॉटेल बंद होणार हे खात्याला वेळेत कळत नाही. त्यावरचा उपाय सोपा आहे. उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीचा पुनर्विकास होताना म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे भाडेकरूंची यादी प्रमाणित होते. त्या यादीत जुनं हॉटेल, खानावळ किंवा बेकरी असेल तर एक प्रत दर्शनिका विभागाकडे जावी, एवढं परिपत्रक काढावं. इमारत रिकामी होईपर्यंत मध्ये जो काळ जातो, तोच आपला. नव्या इमारतीत बिगरनिवासी भाडेकरूला जुन्याइतकी जागा मिळते, पण तिथे धुराडं कुठून न्यायचं, पाणी किती, मोरी कुठे, याचा आराखड्यात कोणी विचार केलेला नसतो. मग मालक ती जागा मोबाइलच्या दुकानाला देतो. भटारखान्याचं मोजमाप आधीच झालेलं असेल तर वास्तुविशारदाला ते दाखवता तरी येईल.

नोंद करायला दोन माणसं आणि चार दिवस पुरेत, पण त्यांच्याकडे वजनकाटा, तापमापक आणि कॅमेरा हवा. आचाऱ्याला प्रमाण विचारू नये; तो अंदाजानं सांगेल, कारण तो अंदाजानंच घालतो. त्यानं मूठ भरली की ती मूठ काट्यावर ठेवावी, तीन वेगवेगळ्या दिवशी. बिघडलेला घाणाही टिपावा आणि तो कसा सावरला तेही. खरी कारागिरी तिथे दिसते. मालकाची मुलाखत सगळेच घेतात. आचारी, वाढपी आणि गल्ल्यावरचा माणूस यांची घ्यावी, आणि त्यांना रोजच्या मजुरीइतकं मानधन द्यावं.

वस्तूंच्या बाबतीत दोन विनंत्या. हिशेबाच्या वह्यांना लॅमिनेशन करू नये, कागद आतून खराब होतो आणि ते पुन्हा सुटत नाही. पुराभिलेख संचालनालयाकडे जाणकार आहेत, त्यांच्याकडे द्याव्यात. आणि संगमरवरी टेबलांवरचे डाग घालवायला लिंबू किंवा अॅसिड वापरू देऊ नये, दगड कायमचा खडबडीत होतो.

सुरुवात मासळीच्या खानावळींपासून करावी, असं आम्ही सुचवतो. गिरगाव, दादर आणि लालबाग मिळून पाच खानावळी निवडाव्यात. पहिली फेरी मेच्या दुसऱ्या आठवड्यात, ताजी मासळी असताना; दुसरी जूनच्या अखेरीस, सुक्याच्या दिवसांत. दोन्हींचा कच्चा मसुदा गणेशोत्सवाच्या सुट्टीआधी त्या त्या आचाऱ्याला वाचून दाखवावा, कारण त्यानंतर तो कोकणात असेल.

आपले,
गिरगाव, दादर व लालबाग येथील जुन्या खाद्यव्यवसायाचे काही अभ्यासक