जे. पी. नाईकांचा आराखडा अजून अर्धवटच अमलात

संपादक महोदय,

राज्यात कमी पटाच्या शाळा बंद करण्याची चर्चा वारंवार डोके वर काढत असताना शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचे स्मरण प्रकर्षाने होते. कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीत जन्मलेल्या, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेल्या या माणसाने देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे (1964-66) सदस्य-सचिव म्हणून अहवालाला आकार दिला. कारकून, शेतमजूर आणि अधिकारी यांची मुले वस्तीतल्या एकाच शाळेत शिकावीत, हा त्या अहवालाचा गाभा होता; शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्चाची शिफारसही त्यातलीच. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला तेच 6 टक्क्यांचे उद्दिष्ट पुन्हा मांडावे लागले, ही खेदाची बाब आहे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत राबलेल्या नाईकांना खेड्यातली शाळा आतून ठाऊक होती. शाळा बंद करण्याआधी शासनाने त्यांचा अहवाल वाचावा.

– एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर