तुझ्या घरच्या सीड्या बाहेर काढ

नागपूर
जूनचा पहिला आठवडा

प्रिय पंक्या,

परवा फोनवर तू विचारलं की तुझ्या आईबाबांच्या टीव्हीला तो स्मार्ट बॉक्स घेऊन देऊ का, अन् मी म्हटलं थांब, लिहून पाठवतो. कारण फोनवर सांगायला बसलो असतो तर तुझी मीटिंग सुरू झाली असती आणि मुद्द्याची गोष्ट राहूनच गेली असती. आता रात्रीचे साडेअकरा झाले, बाबा झोपले, कूलर चालू आहे, नवतपा संपला तरी भिंती अजून गरमच आहेत, अन् मी डायनिंग टेबलवर बसून लिहून राहिलो. मोठं होईल, सावकाश वाच.

बॉक्स नको घेऊ. रास्पबेरी पाय घे, तो छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर.

आठवते का तुला 2012 ची 29 फेब्रुवारी, पाय पहिल्यांदा विकायला आला तो दिवस? कॉलेजच्या लॅबमध्ये तू दिवसभर विक्रीचं ते वेबपान रिफ्रेश करत बसला होता, 35 डॉलरमध्ये अख्खा कॉम्प्युटर, तेव्हाच्या भावाने सतराशे-अठराशे रुपये, अन् पहिल्याच दिवशी विकणाऱ्यांच्या वेबसाइटच बसल्या. केंब्रिजच्या लोकांनी तो शाळेतल्या पोरांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून काढला होता. तू म्हणाला होता की मी याच्यावर पिक्चर पाहीन. मला तेव्हा पटलं नव्हतं, 256 एमबी रॅममध्ये काय पिक्चर चालणार. पण तुझंच बरोबर निघालं, कारण त्या चिपमध्ये व्हिडिओ उलगडायचं काम करणारा भाग वेगळा होता, प्रोसेसर कमजोर असला तरी 1080पी चा व्हिडिओ तो आरामात चालवायचा.

माझ्याजवळ आला तो तीन वर्षांपूर्वी, सेकंडहँड पाय 3, ऑफिसमधल्या एका ज्युनियरकडून अठराशेला घेतला. कारण असं झालं की बाबांचा डीव्हीडी प्लेयर बंद पडला, बर्डीवर दोन दुकानं फिरलो, दुरुस्त करायला कोणी तयार नाही, अन् नवीन घ्यावा तर टीव्हीला त्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जागाच नाही. आणि घरात ताईच्या लग्नाच्या तीन व्हीसीड्या. मे 2003. बाबा वर्षातून एकदा तरी लावायचेच.

सेटअप म्हणशील तर एका संध्याकाळचं काम आहे. लॅपटॉपवर इमेजर (पायसाठी कार्ड तयार करणारं सॉफ्टवेअर) डाउनलोड करायचं, त्याच्यातून लिब्रेइलेक मेमरी कार्डवर टाकायचं, कार्ड पायमध्ये घालायचं, एचडीएमआय टीव्हीला लावायची, झालं. लिब्रेइलेक म्हणजे फक्त कोडी चालवण्यापुरतं लिनक्स, बाकी काही नाही. कोडी तर तुला माहीतच आहे, व्हिडिओ-गाणी चालवणारं सॉफ्टवेअर, आपण एक्सबीएमसी म्हणायचो तेच, 2014 मध्ये नाव बदललं.

आता ज्याच्यासाठी मी तुला बॉक्स नको म्हणून राहिलो ती गोष्ट. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी म्हणून एक ऑप्शन असते, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, कोणी एनीनेट म्हणते, कोणी सिमलिंक, कोणी ब्राव्हिया सिंक. ते ऑन केलं की टीव्हीच्या रिमोटचे बाण त्याच एचडीएमआय वायरीतून पायपर्यंत जातात. दुसरा रिमोट नाही, माउस नाही, मोबाइलवर ॲप नाही. बाबांना नवीन काहीच शिकावं लागलं नाही. वरचं-खालचं बटण अन् ओके, बस. आपल्या आईबाबांच्या वयाच्या माणसांना दुसरा रिमोट दिला की ते वापरणंच सोडून देतात हे मी तीन घरी पाहिलं आहे. अन् त्या बॉक्सच्या होमस्क्रीनवर जाहिराती किती असतात, तुझ्या आईला, काकूंना, त्याच्यातून आपलं फोल्डर शोधायला लावणं बरं नाही. आमच्या पायवर मी मेन्यूतलं सगळं काढून टाकलं, फक्त "व्हिडिओ" आणि "गाणी" ठेवलं.

पण दोन गोष्टींनी मला चांगलंच रडवलं, त्या नीट ऐक, म्हणजे तुझे पैसे वाचतील.

पहिली म्हणजे चार्जर. मी घरातला मोबाइलचा जुना चार्जर लावला, त्याच्यावर स्पष्ट लिहिलेलं 5 व्होल्ट 2 अँपियर, मला वाटलं पुष्कळ झालं. पिक्चर लावला की वरच्या उजव्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह यायचं अन् जायचं, मधेच पूर्ण रिस्टार्ट. मी आधी कार्ड बदललं, मग परत लिब्रेइलेक टाकलं, मग पायच खराब आहे समजून त्या ज्युनियरला फोन केला. त्याने विचारलं, वीज दिसते का? मग कळलं की पायला मिळणारं व्होल्टेज 4.63 च्या खाली गेलं की ते चिन्ह येते. चार्जर 5 व्होल्ट सोडते, पण चार्जिंगची ती बारीक लांब वायर असते ना, तिच्यातच थोडं व्होल्टेज पडते, अन् पाय जितका जास्त करंट ओढेल तितकं जास्त पडते. म्हणून नुसता मेन्यू चालू असताना सगळं ठीक, व्हिडिओ सुरू झाला की गडबड. पाय 3 ला 5 व्होल्ट अडीच अँपियरचा अडॅप्टर लागतो, वायर जाड, शक्यतो अडॅप्टरलाच जोडलेली. तो आणला त्या दिवसापासून आजपर्यंत ती वीज मी परत पाहिली नाही.

हार्डडिस्कचंही तेच. पाय 3 च्या चारही यूएसबीला मिळून 1.2 अँपियर एवढंच मिळते. मी पहिले थेट डिस्क लावली तर ती टक-टक आवाज करून थांबायची, परत सुरू व्हायची, अन् तो आवाज ऐकला की माझ्या पोटात गोळा यायचा कारण त्याच्यात सगळे फोटो होते. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घेतला, डिस्क त्याच्यावर, हब पायला. तुझ्या घरी एवढा डेटा नसेल तर डिस्कच्या भानगडीत पडूच नको, 128 जीबीचा पेनड्राइव्ह लाव.

दुसरी गोष्ट लाइनची. मागच्या वर्षी मे मध्ये संध्याकाळी वावटळ आली, तुला माहीत आहे आपल्याकडचं, पाच मिनिटांत अंधार, पत्रे वाजतात, अन् लाइन गेली-आली-गेली असं चार वेळा झालं. पायला बंद करायचं बटणच नाही, अन् तो त्या वेळी लायब्ररी, म्हणजे कोडीतली व्हिडिओंची यादी, स्कॅन करत होता, म्हणजे कार्डवर लिहिणं सुरू होतं. लाइन आल्यावर कोडी उघडलं तर लायब्ररी रिकामी. डिस्कवरचे व्हिडिओ सगळे होते, त्याला काही झालं नव्हतं, पण कार्डवरचा डेटाबेस गेला, बाबांनी अर्धवट पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीची खूण गेली. लिब्रेइलेकच्या सेटिंगमध्येच बॅकअपचं ऑप्शन असते, ते मी एकदाही वापरलं नव्हतं. आता एका दुसऱ्या कार्डवर तीच सेटिंग तयार करून टीव्हीच्या मागे चिकटपट्टीने लावून ठेवलं आहे. कार्ड गेलं तर मी ऑफिसमध्ये असलो तरी फोनवर सांगू शकतो की हे काढा, ते घाला. तू पुण्यात बसून काकांना हेच सांगशील, म्हणून दुसरं कार्ड पहिल्याच दिवशी बनव. अन् वायफायच्या राउटरला जो छोटा यूपीएस लावतात त्याच्यावर पाय टाकता येतो का हेही पाहा, फक्त त्याचं आउटपुट 5 व्होल्ट आहे का ते तपासून, राउटरवाले बहुतेक 12 व्होल्टचे असतात, तो चुकून लावला तर पाय जळेल.

गरमीचं विचारशील तू, नागपूरचा माणूस आहेस. चिप 80 डिग्रीला पोचली की पाय स्वतःच स्पीड कमी करतो. दुपारी खोलीतच 38-39 असते, त्यात टीव्हीच्या मागची बंद जागा. मी अॅल्युमिनियमची हीटसिंक (चिपची गरमी बाहेर टाकणारा तुकडा) असलेली डबी घेतली अन् टीव्हीच्या मागून काढून शोकेसच्या बाजूला मोकळा ठेवला, आता भर दुपारी 65 च्या वर जात नाही. कूलरच्या झोतात मात्र ठेवायचा नाही, त्या ओल्या हवेने पिना गंजतात. विजेचं बिल विचारूच नको, पाच वॅटच्या आत काम चालते, महिनाभर रात्रंदिवस चालू ठेवला तरी साडेतीन-चार युनिट.

आता व्हीसीडीचं सांगतो.

सीडी लॅपटॉपमध्ये घातली की MPEGAV नावाचं फोल्डर दिसते, त्याच्यात AVSEQ01.DAT अशी फाइल. तीच उचलून डिस्कवर ठेवायची, कोडी चालवते. विंडोजवर कॉपी कर, लिनक्सवर सरळ कॉपी मारली तर एरर येते कारण व्हीसीडीवर व्हिडिओ वेगळ्या पद्धतीने लिहिलेला असते, चुका दुरुस्त करायसाठी जी जास्तीची माहिती साध्या डेटा सीडीत असते ती काढून ती जागा व्हिडिओला दिलेली. म्हणून तर 74 मिनिटं एका सीडीत बसायची. पण म्हणूनच ओरखडा पडला की तो भाग लवकर हातचा जातो. आमची पहिली अन् तिसरी एका दमात झाली. दुसरी 61 टक्क्यांवर अडकायची. मऊ कापडाने मधून बाहेर पुसली, दुसऱ्या लॅपटॉपमध्ये घातली, मग सावजी भय्यांच्या मुलाकडे जुना डेस्कटॉप आहे त्याच्या ड्राइव्हमध्ये घातली, तिथे हळूहळू चाळीस मिनिटं घेऊन पूर्ण निघाली. ड्राइव्ह बदलला की निघते कधीकधी, हे लक्षात ठेव.

त्या दुसऱ्या सीडीत आजी आहे. फार नाही, चाळीस सेकंद असेल. मंडपात मोठा कूलर लावलेला, आजी त्याच्याजवळ खुर्चीवर, हातात अक्षतांची पुडी, अन् कॅमेरावाला जवळ आला तर म्हणते, "माझं काय घेतं बाप्पा, नवरीचं घे." तिचा आवाज आमच्याजवळ दुसरीकडे कुठेच नाही. फोटो आहेत, आवाज नाही. बाबांनी ते पहिल्यांदा पायवर लावलं तर आधी कुरकुर केली की टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळं का दिसते, अर्धा टीव्ही वाया गेला. आधीचा प्लेयर चित्र ताणून पूर्ण टीव्हीभर दाखवायचा, त्याच्यात सगळे जाडे दिसायचे. 352 बाय 288 ठिपक्यांचं चित्र ते, आहे तेवढंच राहणार, फक्त मापात दिसते. मग आजी आली. बाबा काही बोलले नाही. रिमोटचा डावा बाण दाबला, दहा सेकंद मागे. परत पाहिलं. परत डावा बाण. मी आत चहा ठेवायला गेलो, चहा होईपर्यंत "नवरीचं घे" मला किचनमध्ये पाच-सहा वेळा ऐकू आलं. बाहेर आलो तर म्हणाले, तिचा चेहरा असाच होता, बारीक, मी विसरलो होतो.

पंक्या, म्हणून सांगून राहिलो. ओटीटी पाहायचं असेल तर काकांच्या टीव्हीतच ते सगळं आहे, पायवर त्या कंपन्यांचे स्वतःचे ॲप नाहीत, त्याच्यासाठी पाय घेऊ नको. पाय घे तुझ्या घरातल्या गोष्टींसाठी. तुझी मुंज, काकांचे भजनी मंडळाचे कार्यक्रम, ते तू सांगितलेलं रामटेकचं शूटिंग.

घ्यायचा तर पाय 4 घे, 2 जीबीवाला पुरते. पाय 3 नको, कारण तुझ्या मुलीचे व्हिडिओ तू आयफोनवर काढतो, ते एचईव्हीसीत (व्हिडिओ दाबून लहान करायच्या नव्या पद्धतीत) सेव्ह होतात अन् पाय 3 च्या चिपला ते उलगडता येत नाही, ताईने पाठवलेले भाच्याचे व्हिडिओ आमच्याकडे अडकत अडकत चालतात, मला ते आधी बदलून घ्यावे लागतात. पाय 4 त्याच्यासाठी तयार आहे, 4के सुद्धा चालवते. पाय 5 या कामाला जास्तच होतो, त्याला अडॅप्टर मोठा लागतो, बहुतेक लोक फॅनही लावतात, अन् काकूंच्या खोलीत फॅनचा तो बारीक आवाज कशाला. पैसे वाचवायचे तर बोर्डात वाचव, अडॅप्टर अन् कार्डात वाचवू नको.

अन् सीड्यांची गोष्ट दिवाळीवर ढकलू नको. तू म्हणाला दिवाणातल्या पेटीत आहेत. सीडीचा चकाकणारा थर खालून नाही, वरून, लेबलच्या अगदी लागून असतो, फोटोग्राफरने वर कागदाचं स्टिकर लावलेलं असेल अन् ते या गरमीत सुटत असेल तर त्याच्यासोबत थरही निघून येतो. काकूंना आजच फोन करून सांग की स्टिकर उचकटलं असलं तरी ओढू नका, कापडाने जोरात पुसू नका, आहे तशा एका पिशवीत ठेवा. मी रविवारी सकाळी मानेवाड्याला तुमच्या घरी येतो, तर्री पोहे तिकडूनच घेईन, काकांसोबत बसेन अन् पेटी घेऊन येईन. भय्यांच्या मुलाला सांगून ठेवलं आहे, त्याचा डेस्कटॉप दोन दिवस मोकळा आहे.

तुझा,
अभ्या

ता.क. पाय 4 ला दोन छोटे एचडीएमआय असतात. पॉवरच्या पिनेजवळचा असतो त्यालाच वायर लाव, रिमोट त्याच्यावरच चालते. वायर मायक्रो एचडीएमआयची लागेल, ती वेगळी मागव, घरातली बसणार नाही.