आधी अपिलं संपू द्या, मग चिन्ह द्या : राज्य निवडणूक आयुक्तांना खुलं पत्र

मा. राज्य निवडणूक आयुक्त साहेब,
सप्रेम नमस्कार.

माझं तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पीकविमा असली कामं वर्षभर चालू असतात, पण १० ते १७ नोव्हेंबर २०२५ या आठवड्यात दुकानात दुसरं काहीच झालं नाही, फक्त नगरपरिषदेच्या उमेदवारांचे अर्ज. रात्री बारा-बारा वाजेपर्यंत माणसं बाकावर बसलेली असायची. थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालयाचा दाखला, दोन अपत्यांचं प्रतिज्ञापत्र, राखीव जागा असेल तर जात पडताळणी किंवा निदान पडताळणीला अर्ज केल्याची पोच, पक्षाचा असेल तर पक्षाने अधिकृत उमेदवारी दिल्याचा एबी फॉर्म आणि अपक्ष असेल तर चिन्हांच्या यादीतून आवडीनुसार निवडलेली चिन्हं. हे सगळं माझ्या डोळ्यासमोर झालंय म्हणून लिहितोय. कुठल्या पक्षाच्या वतीने लिहीत नाही, माझं पक्षाशी काही घेणंदेणं नाही.

त्या गर्दीत आमच्या गल्लीतल्या एक वहिनी होत्या. ब्लाउज शिवतात, नवऱ्याची रिक्षा आहे, वॉर्डातल्या पाण्यासाठी चार वर्षं नगरपरिषदेत हेलपाटे मारून मारून शेवटी म्हणाल्या मीच उभी राहते. अपक्ष, प्रभागात अ आणि ब अशा दोन जागा, त्यातल्या ब जागेवर. चिन्हात पहिली पसंती शिलाई मशीन. फॉर्मची प्रिंट काढल्यावर त्यांनी प्रत्येक पान बोट ठेवून वाचलं आणि सूचकाची सही आहे ना ते तीनदा बघितलं. सोलापूर जिल्ह्यातल्या अनगरला नगराध्यक्षपदाच्या एका उमेदवाराचा अर्ज सूचकाची सही नाही म्हणून बाद झाल्याची बातमी नंतर आली तेव्हा त्या मला म्हणाल्या, बघितलंत ना भाऊजी, मी उगीच बघत नव्हते.

१८ तारखेच्या छाननीत वहिनींचा अर्ज वैध ठरला. त्याच ब जागेवरच्या दुसऱ्या एकाचा मात्र बाद झाला. त्यांनी जिल्हा न्यायालयात अपील केलं, तो त्यांचा हक्कच आहे, आणि ते जिंकलेही, अर्ज परत वैध ठरला, पण निकाल आला २४ तारखेला, सोमवारी. इथून पुढचा सगळा गोंधळ सुरू झाला साहेब, आणि त्यात ना वहिनींची चूक होती, ना त्या दुसऱ्या उमेदवाराची, ना निकाल देणाऱ्या न्यायाधीशांची. चूक तारखांमध्ये होती.

तारखा तुमच्याच कार्यक्रमातल्या आहेत, मी फक्त भिंतीवरचं कॅलेंडर समोर धरून सांगतो. छाननी मंगळवारी १८ नोव्हेंबरला. अपील करायला तीन दिवस, म्हणजे शुक्रवार २१ पर्यंत. जिथे अपील आहे तिथे माघारीची शेवटची तारीख मंगळवार २५, आणि बुधवारी २६ ला चिन्हवाटप आणि अंतिम यादी. आता १९६६ च्या नगरपरिषद निवडणूक नियमांत, नियम १७ मध्ये, अपिलाचा निकाल लागल्यावर माघार घ्यायला तीन दिवस दिले पाहिजेत असं आहे. म्हणजे २५ ला माघार संपवायची तर निकाल २२ च्या आत यायला हवा. ज्याने शेवटच्या दिवशी, शुक्रवारी २१ ला अपील टाकलं त्याचा निकाल २२ ला कसा येणार? २२ नोव्हेंबर हा चौथा शनिवार होता, २३ ला रविवार. कोर्टं दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद असतात हे आमच्या तहसीलसमोरच्या चहावाल्यालाही माहितीय. नोटीस काढायची, समोरच्याचं ऐकायचं, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून कागद मागवायचे आणि आदेश लिहायचा, हे एका सुट्टीच्या शनिवारात होणार नाही हे ४ नोव्हेंबरला कार्यक्रम जाहीर करतानाच दिसत होतं.

मग व्हायचं तेच झालं. २६ ला चिन्हं वाटली गेली. वहिनींना शिलाई मशीन मिळालं आणि त्या अक्षरशः रडल्या आनंदाने. त्याच रात्री माझ्याकडे दोन हजार पॅम्प्लेट छापायला टाकली, वरती मशीनचं चित्र, खाली त्यांचं नाव आणि २ डिसेंबर ही मतदानाची तारीख. पैसे शिलाईचे साठवलेले, दहा-वीसच्या नोटा होत्या, मी मोजल्यात. आणि मतदानाला दोन-तीन दिवस राहिले असताना, २९ नोव्हेंबरला, आयोगाचा आदेश आला की जिथे अपिलाचा निकाल २२ नंतर आलाय तिथे चिन्हवाटप नियमाप्रमाणे झालेलं नाही, म्हणून त्या जागांचं मतदान आता २० डिसेंबरला. माघारीची मुदत १० डिसेंबर, चिन्हवाटप परत ११ ला. अध्यक्षपदाचं अपील असेल तर अख्ख्या नगरपरिषदेची निवडणूक पुढे, बारामती आणि अंबरनाथ त्यातच गेली, आणि नुसत्या सदस्याच्या जागेचं असेल तर तेवढी जागा पुढे.

साहेब, त्या आदेशावर राज्यभर टीका झाली, मुख्यमंत्र्यांनीही नाराजी बोलून दाखवली. पण मी त्या आदेशाला चूक म्हणणार नाही. नियमात तीन दिवस आहेत तर ते द्यायलाच पाहिजेत, ते न देता मतदान घेतलं असतं तर उद्या कोणीही कोर्टात जाऊन अख्खी निवडणूक रद्द मागितली असती. माझं म्हणणं त्याच्या आधीचं आहे. जे २९ नोव्हेंबरला कळलं ते ४ नोव्हेंबरला कळायला हवं होतं.

२ डिसेंबरला काय झालं ते सांगतो. आमच्या प्रभागात त्या दिवशी अध्यक्षपदाचं आणि अ जागेचं मतदान झालं, फक्त ब जागा पुढे गेलेली. माझी आई ७८ वर्षांची आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तिला मी सकाळी साडेसातलाच केंद्रावर नेलं. आत गेली आणि बाहेर येईना. मी दारातून बघतोय तर ती त्या पुठ्ठ्याच्या आडोशाआड वाकून मशीनवर बोट फिरवतेय, वरून खाली, परत वरून खाली. शेवटी तिथल्या मॅडमनी लांबूनच सांगितलं की आजी दोनच मतं आहेत आज, ती दिली की झालं. बाहेर आली ती चिडूनच, म्हणाली शिलाई मशीन नाहीच की रे तिथं, तिला बसवली वाटतं पैसे देऊन. मी समजावून सांगितलं की आई तारीख पुढे गेलीय, पण तिचं समाधान काही झालं नाही, आणि ती एकटीच नव्हती. वहिनी दिवसभर केंद्राबाहेर शंभर मीटरच्या रेषेपलीकडे उभ्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या की मी माघार घेतलेली नाही, मी उभी आहे, वीस तारखेला या. माणसं हो म्हणायची पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं की विश्वास बसलेला नाही. आपल्याकडे उमेदवाराचं नाव मशीनवर नाही म्हणजे सेटिंग झालं असाच अर्थ लोक काढतात. केंद्रावर मोठ्या अक्षरात एक कागद लावला असता की ब जागेचं मतदान २० तारखेला आहे, उमेदवार कायम आहेत, तरी पुष्कळ झालं असतं. आमच्या केंद्रावर तसा कागद नव्हता.

त्यात माझा पुतण्या चाकणला कंपनीत आहे, २ तारखेसाठी सुट्टी टाकून एसटीने आला होता. २० ला त्याला परत यायला जमलं नाही. असे आमच्या एका गल्लीतले पाच जण मी नावानिशी सांगू शकतो, आणि वहिनींसारख्या अपक्षाला पाच मतं म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.

वहिनींचं चिन्ह ११ तारखेला तेच राहिलं. पण २९ नोव्हेंबर ते ११ डिसेंबर ती दोन हजार पॅम्प्लेट माझ्या दुकानात गठ्ठा बांधून पडून होती, कारण चिन्ह राहील की जाईल याची खात्री कोणीच देत नव्हतं, आणि तारीख तर चुकलेलीच होती. शेवटी आम्ही दोघांनी आणि त्यांच्या मुलीने बसून प्रत्येकावर पेनाने २ खोडून २० केलं. पक्षवाल्यांचं चिन्ह ठरलेलं असतं, त्यांचं फार बिघडत नाही. अपक्षाचं नाव, ओळख, घोषणा सगळं त्या चिन्हात असतं.

मतपत्रिका ही गोष्ट किती नाजूक आहे ते साताऱ्याने २०२४ च्या लोकसभेला दाखवलंय. ती निवडणूक तुमच्या आयोगाची नव्हती, भारत निवडणूक आयोगाची होती, पण मुद्दा तोच. एका पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि एका अपक्षाला मिळालेल्या ट्रम्पेटचं मराठी नावही तुतारीच. त्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली आणि निकालाचा फरक होता ३२,७७१. आता ती सगळी मतं चुकून पडली असं मी म्हणणार नाही, ते कोणालाच सिद्ध करता यायचं नाही, पण मशीनवर कागद चढण्याआधी तो चार सामान्य माणसांना दाखवला असता तर कोणीतरी नक्की म्हणालं असतं की अहो हे दोन्ही सारखंच वाचलं जातंय. म्हणून माझी विनंती आहे की मतपत्रिकेचा नमुना मशीनमध्ये बसवायच्या आधी प्रभागातल्या शाळेच्या, नगरपरिषदेच्या फलकावर लावा, निदान दोन दिवस. नावातली चूक, चिन्हाचा गोंधळ, एखादी जागा का नाहीये, हे सगळं लोक स्वतःहून सांगतील. आज उमेदवाराच्या प्रतिनिधीला मशीन सील करताना बोलावतात हे मला माहितीय, पण मतदाराला ती मतपत्रिका पहिल्यांदा दिसते ती थेट आडोशाआड, बोट बटणावर ठेवताना.

आता काही लोक म्हणतायत की एवढा त्रास होतो तर अपिलाची भानगडच काढून टाका, निर्णय अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम. साहेब, कृपा करून हे होऊ देऊ नका, आयोगाने शासनाला तसं स्पष्ट सांगावं. माझ्या शेजारच्या टेबलावर एक वकील बसतात, त्यांनी मला पोन्नुस्वामी खटला समजावून सांगितला. १९५२ चा आहे, मद्रास राज्यातल्या नामक्कलचा. माणसाचा उमेदवारी अर्ज बाद झाला, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि कोर्टाने सांगितलं की एकदा निवडणूक सुरू झाली की मध्ये हात घालता येणार नाही, जे काही म्हणणं असेल ते निकालानंतर निवडणूक याचिकेत मांडा. नगरपालिकांसाठी घटनेत कलम २४३ झेडजी त्याच अर्थाचं आहे. म्हणजे जिल्हा न्यायालयातलं हे अपील काढलं तर वहिनींसारखीचा अर्ज एखाद्या अधिकाऱ्याने चुकीने बाद केला तर तिला निवडणूक होऊन जाईपर्यंत गप्प बसावं लागेल आणि मग याचिका टाकून वर्षानुवर्षं तारखांना जावं लागेल. ब्लाउज शिवणारी बाई ते करणार आहे का? नगरपरिषदेच्या उमेदवारासाठी मतदानाच्या आधी उघडं असलेलं हेच एक दार आहे.

त्यापेक्षा छाननी आणि चिन्हवाटप यांच्यात जागा सोडा. अपील करायला तीन दिवस, कोर्टाला निकाल द्यायला सुट्ट्या वगळून निदान पाच दिवस, मग माघारीचे तीन दिवस, आणि त्यानंतरच चिन्ह. पाच-सहा दिवस वाढतील. सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२६ ची मुदत घातलेली होती, नगरपरिषदा, महानगरपालिका आणि जिल्हा परिषदा अशा तिन्ही प्रकारच्या निवडणुका त्यात बसवायच्या होत्या, घाई होती हे मलाही कळतं. पण सहा दिवस वाचवायला गेलो आणि पुढे ढकललेलं मतदान १८ दिवसांनी झालं, आणि हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने सगळीकडचीच मतमोजणी ३ ऐवजी २१ डिसेंबरला गेली. २ तारखेला मतदान झालेली मशीन १९ दिवस स्ट्राँगरूममध्ये, बाहेर उमेदवारांची माणसं थंडीत शेकोट्या पेटवून पहाऱ्याला. आमच्या गावातही होती, मी रात्री दुकान बंद करून जाताना रोज बघत होतो.

आणि अजून एक. अर्ज बाद करायचा असेल तर त्याचं कारण त्याच दिवशी, मराठीत, सहीशिक्क्यानिशी उमेदवाराच्या हातात द्यायला सांगा. छाननीच्या संध्याकाळी माझ्याकडे दोघं आले होते, अर्ज बाद झालाय एवढंच माहिती, आदेशाची प्रत उद्या या म्हणून सांगितलेलं. तीन दिवसांतला एक दिवस तिथेच गेला. अपिलात लिहायचं काय, कशाविरुद्ध, हेच त्या माणसाला माहिती नाही. एखादा रकाना रिकामा राहिला किंवा कागदाची एक प्रत कमी असली तर छाननीच्या आधी टेबलावरच सांगून भरून घ्या की, अर्ज घेताना तपासणीसूची देतातच, ती नीट वाचून दाखवायला कर्मचाऱ्याला पाच मिनिटं लागतात. निम्मी अपिलं तरी त्यानेच कमी होतील असं मला दुकानात बसून वाटतं.

जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, ग्रामपंचायती, निवडणुका येतच राहणार आहेत आणि माझ्या बाकावर परत माणसं बसणार आहेत. वहिनी हरल्या, फार मतांनी नाही. परवा दुकानात आल्या होत्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला, तेव्हा विचारत होत्या की पुढच्या वेळी अर्ज भरला की चिन्ह पक्कं कधी होतं, पॅम्प्लेट कुठल्या तारखेनंतर छापायची. मी म्हटलं विचारून सांगतो. म्हणून हे पत्र. उत्तर आलं की मी ते प्रिंट काढून दुकानाच्या काचेवर लावेन.

आपला,
तहसील कचेरीसमोरचा एक झेरॉक्सवाला आणि मतदार