शिआनला एक दिवस वाढव

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

चीनमधल्या शिआनचा तुझा बेत आईनं सांगितला. सकाळी उतरायचं, सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले मातीचे सैनिक बघायचे, रात्रीच्या गाडीनं परत. सैनिक बघच, पण ते शहराबाहेर, जाऊन येईपर्यंत दिवस संपतो. सुट्टी आहे तर एक दिवस वाढव, आणि तो नुसत्या शहराला दे.

आधी दक्षिण दरवाज्यानं तटावर चढ. वरच सायकल भाड्यानं मिळते, अनामत ठेवून घेतात. मिंग राजवटीतला, 14व्या शतकातला हा तट. अख्खा फेरा 13.7 किलोमीटरचा. चढउतार जवळपास नाहीच. वरची फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट, 12 ते 14 मीटर रुंद, त्यामुळे गर्दी असली तरी अडत नाही. विटांची फरसबंदी मात्र हाडं खिळखिळी करते. दोघांची जोडसायकल घेऊ नकोस, भांडणं होतात (आईला विचार). साधारण दर 120 मीटरवर तटाबाहेर आलेला बुरूज लागेल. तिथं सायकल लाव आणि चऱ्यांमधून, म्हणजे कठड्याच्या दात्यांमधून, बाजूला बघ. भिंतीला भिडलेल्या शत्रूवर दोन्हीकडच्या बुरुजांवरून बाण पडावेत, म्हणून हे अंतर. तू माझ्याबरोबर इतके गड चढलीस, तुला हे दोन मिनिटांत उमगेल. आत भर घातलेली माती चोपून बसवली आहे, विटा फक्त बाहेरून.

खाली आलीस की पायीच फिर. घंटाघर 1384 सालचं, पण 1582 मध्ये सगळं उचलून आत्ताच्या जागी आणलेलं. चौकात ते वाहनांनी वेढलेलं असतं, भुयारी मार्गानं जा. नगारखान्यामागे हुई, म्हणजे चिनी मुसलमानांची वस्ती. मुख्य रस्ता नुसता खाण्याच्या ठेल्यांचा; तिथं रेंगाळण्यापेक्षा गल्लीतून मोठ्या मशिदीत जा. घुमट नाही, उंच मिनार नाही. एकामागून एक चौक, कौलारू छपरं, आणि मिनाराच्या जागी अष्टकोनी लाकडी मनोरा. मला सगळ्यात आवडलं ते हे.

तिथंच पाओमो खा. मटणाचं सांग, बीफचंही असतं. आधी कडक रोटी आणि रिकामा वाडगा देतात. रोटीचे चण्याएवढे तुकडे आपणच करायचे, मग वाडगा आत जातो आणि रश्श्यात शिजून येतो. तू नेहमीसारखी घाई करून मोठे तुकडे टाकशील, तर आतून कच्चट राहतील.

संध्याकाळी ॲपवरची सायकल घेऊन तटाबाहेर दक्षिणेला मोठ्या हंस पॅगोड्याकडे जा. ह्युएन त्संगनं भारतातून 645 साली आणलेल्या पोथ्या ठेवायला तो 652 साली बांधला. हा गृहस्थ दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला. इथली माणसं मानी, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्यानं लिहून ठेवलंय. तुझ्या आजोबांना भेटला होता की काय कोण जाणे.

पासपोर्ट जवळ ठेव, तिकिटाला लागतो. परतीचं तिकीट बदललंस की कळव.

तुझा,
बाबा