भरतीच्या सरावातले पायाचे दुखणे अंगावर काढू नका

महोदय,

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीतील ५० पैकी २० गुण एकट्या लांब धावण्याला, म्हणजे मुलांच्या १६०० आणि मुलींच्या ८०० मीटरला असल्यामुळे आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत कापूस वेचणीचे दिवस असोत की ऐन उन्हाळा, पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यांवर मुलेमुली धावताना दिसतात. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून ही जिद्द मी अनेक वर्षे जवळून पाहिली आहे आणि तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. मात्र या मुलांच्या पायांची काळजी कोणी घेत नाही, याचे दुःख गेल्या वर्षी माझ्याच घरात येऊन बसले.

माझ्या पुतण्याने आठवडी बाजारातून बूट घेतले. त्याच्या पायाला नऊ नंबर लागतो. तो नव्हता, म्हणून ‘वापरून सैल होतील’ या भरवशावर आठ नंबर घेतला. आधी अंगठ्याचे नख काळे पडले. पुढे चाचणी जवळ आली म्हणून त्याने रोजचे अंतर एकदम दुप्पट केले आणि दुसऱ्या बोटामागे, पावलाच्या वरच्या बाजूला सूज आली. सराव घेणाऱ्यांनी सांगितले की दुखणे धावूनच निघते. घरी आम्ही आंबेहळदीचा लेप लावला, गरम तेलाने चोळले. एक्स-रे काढला तो साफ आला, त्यामुळे आम्ही सगळेच निर्धास्त झालो आणि तो धावत राहिला. तीन आठवड्यांनी त्याला वावरात चालणेही जमेना, तेव्हा दुसऱ्या एक्स-रेमध्ये हाडाची चीर दिसली. चाचणीच्या दिवशी तो घरी खाटेवर होता.

घट्ट बुटामुळेच हाड तडकले असे मी म्हणणार नाही. नख काळे पडणे, फोड येणे आणि त्यामुळे पाऊल वाकडे पडणे हा बुटाचा दोष. चीर मात्र मुख्यतः अंतर एकाएकी वाढवल्याने पडते. सततच्या आघाताने हाडाची जी बारीक झीज होते ती विश्रांतीत भरून निघते, पण भरून निघण्याआधीच नवा भार पडत गेला तर ते तडकते. कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचे वर्णन ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने १८५५ मध्येच केले होते, आणि आजही सैन्यात नव्याने भरती झालेल्यांमध्ये हा प्रकार आढळतो. यातली सर्वांत फसवी गोष्ट अशी की पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेमध्ये ही चीर बहुधा दिसतच नाही. त्यामुळे एक्स-रे साफ असला तरी हाडावर एका बोटाने दाबताच ठरावीक जागी कळ येत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. वेळीच थांबल्यास बहुतेकदा सहा ते आठ आठवड्यांत, शस्त्रक्रियेशिवाय हाड भरते.

कबड्डीत घोटा मुरगळला की लगेच चोळण्याची आपल्याकडची रीतही सोडायला हवी, कारण ताज्या दुखापतीत चोळण्याने सूज वाढते. त्या पायावर भार देऊन चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायलाच हवा.

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभराने पाऊल थोडे फुगलेले असते. धावताना घालायचे मोजे चढवून, उभे राहून दोन्ही पायांत ते घालून पाहावेत आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहते का हे तपासावे. नेमका नंबर नसेल तर पुढच्या बाजाराची वाट पाहावी.

तालुका पातळीवरील क्रीडा संकुलांची मातीची मैदाने पहाटे पाच वाजता उघडावीत, अशी संबंधितांना माझी कळकळीची विनंती आहे. डांबरापेक्षा माती पायाला अधिक सोसवते आणि अंधारात अंगावर येणाऱ्या वाहनांचे भयही तिथे नसते. भरतीची तयारी करून घेणाऱ्या प्रशिक्षकांनीही रोज सराव सुरू करण्यापूर्वी कोणाचे पाऊल दुखते आहे हे विचारावे, आणि हात वर करणाऱ्याला त्या दिवशी धावायला लावू नये.

– एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक, जि. यवतमाळ